दहा मीटर

फरशीवर पिवळी पट्टी, दोन टोकांना दोन खुणा.
माझ्या हातात घड्याळ, खिशात खोडरबर.
बाहेर कल्लावेसी सरोवर गोठलेलं,
कुओपिओ शहरातली मार्चची सकाळ,
आणि आर्मास तिर्क्कोनेन खुर्चीतून उठतात
तेव्हा त्यांचे पाय उठत नाहीत.

जायचं मन नसलं की म्हणतात, पाय निघत नाही.
यांना तर घरी जायचंय.
ऐन जवानीत हा माणूस नदीवर
एका ओंडक्यावरून दुसऱ्या ओंडक्यावर जायचा
आणि ओंडका फिरत असायचा.
आता फरशी स्थिर आहे.
चौतीस पावलं. एकोणतीस सेकंद. नुसतं वळायला नऊ.
हिल्क्का, त्यांची बायको, दाराशी ओठ हलवत मोजते.
तिचा आकडा नेहमी माझ्याहून एकाने कमी.

डोक्याच्या चित्रात पोकळ्या फुगलेल्या,
माथ्याकडच्या घड्या दाटीने बसलेल्या.
कुठंतरी पाणी मुरतंय, अशी म्हणायची रीत;
इथं तक्रार उलटी,
पाणी मुरत नाही.
पण विसरायला होणं, लघवी न आवरणं, पाऊल घासणं,
ऐंशीच्या घरात याला सतरा कारणं.
पाण्याचं किती आणि वयाचं किती,
ते चित्र सांगत नाही.

म्हणून डॉक्टर राउतियाइनेन कण्यातून काढतात
चाळीस मिलिलिटर. नितळ.
बाहुलीच्या कपात मावेल एवढं.
मग थांबायचं. हिल्क्का पिशवीतून काळा पाव काढते,
कडा कापून त्यांना देते, कडा स्वतः खाते.

दुपारी पुन्हा पट्टी.
एकवीस. सतरा सेकंद. वळायला चार.
पाचव्या मीटरच्या आसपास तळव्याचा आवाज बदलला,
फरफट थांबली, टप झालं.
हिल्क्का मोजायचं विसरली.

नळी डोक्यातून पोटात, मध्ये झडप;
कधी रक्तस्राव, कधी संसर्ग,
कधी दोन वर्षांनी पाय पुन्हा जड.
डॉक्टरांनी सगळं सांगून विचारलं, करायचं?
आर्मास म्हणाले,
"होईलही. नाही व्हायचं तर नाहीही व्हायचं."
सावो प्रांताची ही पद्धतच:
बोलणारा बोलून मोकळा,
जबाबदारी ऐकणाऱ्यावर.
आज ऐकणाऱ्याला सोपं गेलं.

अवघड आहेत सहा नंबरच्या खोलीतल्या
आइली वोउतिलाइनेन, भूमापन कचेरीत नकाशे काढायच्या.
सकाळी एकतीस. दुपारी एकतीस. दुसऱ्या दिवशी तीस,
आणि त्या एका पावलाची मला खात्री नाही,
शेवटचं खुणेच्या आत पडलं की बाहेर.
मुलगा योएन्सूहून आलेला, अंगावर अजून कोट.
हळूच म्हणतो, "पुन्हा एकदा चालवता? दमली होती ती."
मी चालवते.
एकतीस.

रात्रपाळीच्या नर्सच्या वहीत मात्र आहे:
पहाटे चारला स्वतः उठल्या, कोरड्या पोचल्या,
परतताना खिडकीशी थांबून
सरोवरातल्या बेटांची नावं सांगितली.
तीन बरोबर. चौथं बेट मला माहीत नाही.

तिथं पट्टी नव्हती.

गुरुवारी बैठक. फॉर्मवर दोन चौकोन: फरक आहे, फरक नाही.
या चाचणीत न सुधारलेला माणूसही
कधी नळीने सुधारतो, हे टेबलाशी सगळ्यांना ठाऊक,
कोण सुधारेल ते छातीठोक कुणी सांगत नाही.
मी "नाही"वर खूण केली, एकतीस म्हणजे एकतीस.
मग चौकोनाबाहेर, समासात, पेन्सिलीने:
पहाटे चारची नोंद बघा.
खोडरबर खिशातच राहू दिलं.

डॉक्टरांनी वाचलं. चष्मा पुसला.
"तीन दिवस निचरा लावून पुन्हा बघता येईल," म्हणाले,
"न बघताही येईल."
तेही सावोचेच.

संध्याकाळी बसथांब्याकडे निघाले.
दिवसा वितळलेलं पुन्हा गोठलेलं, वर खडी पसरलेली.
अख्खं शहर पाय फाकवून,
तळवे न उचलता, बोटबोट पुढे सरकत होतं.
मीही.
अठ्ठावीसपर्यंत मोजलं, मग बस आली.