डावखुरा नायक

दुपारी तीनला रस्ता बंद झाला.
घाटाच्या तोंडाशी फाटक आडवं पडलं
आणि बसचा ड्रायव्हर म्हणाला,
आज नाही. उद्याचंही सांगता येत नाही.
शैला म्हणाली, घ्या!
जावाजावा आलो स्कॉटलंड बघायला,
आता बसा टॉमिन्टाउलच्या भिंती बघत.

मुक्कामाच्या घरी दारामागे कागद चिकटवला होता:
शनिवार, साडेसात, गावच्या हॉलमध्ये सिनेमा.
तिकीट पाच पौंड. उशी ज्याची त्यानं आणावी.

उश्या काखोटीला मारून निघालो.
बर्फ घोट्यापर्यंत, वळणावर पोटरीपर्यंत.
शैलाच्या पायात माझ्या लेकाचे बूट,
नवरी माप ओलांडते तशी ती जपून पाऊल टाकत होती
आणि नवरीला न शोभणाऱ्या शिव्या घालत होती.

हॉलमध्ये ओल्या लोकरीचा वास.
समोर पडदा म्हणून टांगलेली चादर,
कपाटातून आजच काढलेली,
मधोमध घडीची रेघ.
ती पुढे नायिकेच्या कपाळावर पडली
आणि तिथेच राहिली.
अडतीस माणसं, तीन कुत्री.
इशबेलबाई सगळ्यांना न विचारता चहा देत होत्या.
डुगाल्ड मेंढपाळ प्रोजेक्टरशी हळू आवाजात बोलत होता,
आजारी कोकराशी बोलावं तसं.

सिनेमा निघाला वाळवंटाचा.
एक माणूस, एक उंट, हरवलेली विहीर,
आणि तिच्यावर हक्क सांगणारे चार दाढीवाले.
बाहेर वारा दाराला धडका देतोय,
आत नायक कोरडे ओठ चाटतोय.
मागून कोणीतरी ओरडलं,
इकडे ये की बाबा, अख्खं आभाळ खाली पडलंय प्यायला!
हॉल हसला. आम्ही जरा मागाहून हसलो,
त्यांचं इंग्रजी आमच्याकडे पायी येतं.

आमच्या सासूबाई जत्रेतल्या तंबूत सिनेमे बघायच्या.
बायकांची बसायची जागा पडद्याच्या पलीकडे,
तिथून सगळं उलटं:
नावं उलटी, भांग उलटा,
तलवार नायकाच्या डाव्या हातात.
पुढे घरात टीव्ही आला तेव्हा त्या म्हणाल्या,
यातली माणसं खोटी वाटतात गं,
खरे नायक सगळे डावखुरे असतात.
आम्ही दोघी स्वयंपाकघरात जाऊन हसलो होतो.
तोंडात पदर कोंबून.

विहीर सापडायच्या बेतात होती
आणि वीज गेली.
एक कुत्रं एकदाच भुंकलं.
शैलानं उशी उचललीसुद्धा, पण कोणी उठेना.
इशबेलबाई म्हणाल्या, बसा हो,
आम्ही पाहिलाय हा. तीनदा.
मग अंधारात गावानं उरलेला सिनेमा सांगितला.
पोस्टातल्या बाई म्हणाल्या, विहीर कोरडी निघते.
छे छे, मागची रांग म्हणाली, पाणी असतं,
पण उंट मरतो.
उंट मरत नाही!
एक पोर, रडवेलं.
बरं, नाही मरत,
अख्खा हॉल एका आवाजात.

शेवटची मारामारी मात्र सांगण्यासारखी नाही,
करून दाखवण्यासारखी आहे, असं म्हणत
डुगाल्ड चादरीसमोर उभा राहिला.
इशबेलबाईंनी विजेरी धरली.
उजव्या हातात चहा, ठेवायला जागा नाही,
म्हणून काठी डाव्या हातात.
चादरभर त्याची सावली,
एकटी चौघांशी लढत होती,
चहाचा थेंब न सांडता.

शैलानं मला कोपरानं ढोसलं.
या वेळी आम्ही हसलो नाही.
म्हणजे हसलो,
पण पदर नव्हता, आणि मफलर ओले होते.

तिसऱ्या दिवशी फाटक वर गेलं.
तिकिटामागे मी सिनेमाचं नाव लिहून घेतलंय,
अजून शोधला नाही.
बसमध्ये शैला विचारत राहिली,
पाणी होतं की नव्हतं गं शेवटी?
काचेबाहेर डोंगरामागून डोंगर,
पांढरे, चुरगळलेले,
कोणी इस्त्री न केलेले.