करवंटीचा विस्तव

उद्यमनगरात भंगारवाल्याकडं
बंद पडलेल्या वॉशिंग मशीनचा ड्रम मिळाला, किलोच्या भावात.
त्याला चार पाय वेल्डिंग केले,
वर सायकलच्या स्पोकची जाळी.
भोकं कंपनीनंच पाडलेली, वारा खेळायला.
ही आपली बार्बेक्यू, म्हटलं.
निळकंठ म्हणाला, "जल्मभर कपडे धुतली,
आता हात धुवून मटणाच्या मागं लागली!"

आमच्याकडं रंग पंचमीला.
धुळवडीला फक्त मटण.
सकाळी सहाला दस्तगीरच्या दुकानापुढं रांग,
मंडळाच्या प्रत्येकाच्या हातात झाकणाचा डबा.
एकजण हळूच काळी पिशवी मागायला लागला,
तर दस्तगीर सुरी पुसत म्हणाला,
"परवा तुम्हीच पाटी लावून गेलासा की गा माझ्या भिंतीवर.
ती वाचायची कुणी? बकऱ्यानं?"

गेल्या वर्षीचं सांगतो, लपवण्यात अर्थ नाही.
निळकंठच्या मळ्यात, शिंगणापूरला,
जेवण झाल्यावर थर्माकोलच्या पन्नास ताटल्या
आम्ही ओघळात लोटल्या होत्या.
आषाढात नदी चढली, आठ दिवसांनी उतरली,
आणि उसाच्या पाल्यात त्या ताटल्या
ओळीनं अडकून बसलेल्या,
जणू पंगत बसलीय आणि वाढपी आलेच नाहीत.
एकीवर तांबड्या रश्श्याचा डाग तसाच.
नदीनं आमचं उष्टं
आमच्याच दारात आणून ठेवलं होतं.

म्हणून यंदा वडाच्या पानांच्या पत्रावळ्या,
भुदरगडातल्या एका मावशीनं टाचलेल्या.
झकास दिसतात, पण रस्सा धरत नाहीत.
पांढरा वाढला की तांबड्याकडं पळतो,
तांबडा थेट विजारीवर.
शेवटी ज्यानं त्यानं घरनं वाटी आणायची ठरलं,
त्यावरनंही भांडण झालं, कारण तीन वाट्या सारख्याच निघाल्या.

जळणाचा हिशेब मात्र सर्जेरावचा.
होळीच्या आदल्या आठवड्यात तो टेम्पो काढायचा,
तालमीची पोरं मागं उभी,
गल्लोगल्ली एकच हाळी: होळी ल्हान करा, शेणी मसणात द्या.
आम्ही म्हणायचो, चार शेणी मटणाला ठेव की लेका,
धग बरी धरतात.
तो मान हलवायचा.
"मटणाला करवंटी चालतीया.
माणसाला शेणीच लागती."

मार्गशीर्षात गेला. दुपारी दोन वाजता, दुकानात, बसल्या बसल्या.
पंचगंगेच्या काठावर आम्ही पोहोचलो
तेव्हा शेणी रचलेल्याच होत्या.
कुणी पैसे विचारले नाहीत.
निळकंठ बराच वेळ त्या थराकडं बघत राहिला,
मग माझ्या कानाशी म्हणाला,
"यातल्या काही त्यानंच उतरवल्या असतील, न्हाई?"
मी काही बोललो नाही.
धूर डोळ्यात जात होता, ते एक बरं होतं.

वर्षभर घराघरांतून, खानावळीतून,
देवळाबाहेरच्या नारळवाल्याकडून
पोतीभर करवंट्या साठवल्या.
आज त्या ड्रममध्ये पेटल्या तेव्हा
आधी तडतडल्या, मग निळ्या झाल्या,
मग आतून लाल होऊन गप्प बसल्या.
तिखटमीठ लावलेल्या बोट्या जाळीवर चुरचुरल्या.
कलाप्पा चौगुले मटणाच्या वाऱ्यालाही उभा राहत नाही,
तो बांधापलीकडं तुरकाट्यांवर
हरभऱ्याचा हावळा भाजत बसला,
आणि काळ्या तोंडानं सगळ्यांत आधी ढेकर त्यानंच दिला.

संध्याकाळी हाडं निळकंठच्या कुत्र्यांनी नेली,
पत्रावळ्या शेणखताच्या खड्ड्यात गेल्या.
भांडी घासायला राख काढली,
पोतंभर करवंट्यांची राख:
दोन मुठी, फार तर तीन.
मी ती हातात घेऊन जरा जास्तच वेळ उभा राहिलो असेन,
कारण निळकंठनं घमेलं पुढं केलं
आणि दुसरीकडं बघितलं.

ड्रम गाडीत चढवायचा होता,
पण हात लावायची सोय नव्हती, अजून चटका बसत होता.
"निवू दे," कुणीतरी म्हणालं.
मग त्याच्याभोवतीच बसलो सगळे,
ऊस सळसळत होता, पलीकडं मोटार सुरू झाली.
तो निवेपर्यंत
कुणीच घरी जायचं नाव काढलं नाही.