कॅमेरा नंबर चार

मंगळवारी एतेरीबाईंनी फळ्यावर सहा वाक्यं लिहिली
आणि म्हणाल्या, ही आग्रहाची इंग्रजी.
मस्ट-सी.
डोन्ट मिस इट.
यू वोन्ट रिग्रेट इट.
खालची पुसट आली, खडू संपत आला होता
आणि कुताइसीत त्या आठवड्यात खडू मिळत नव्हता,
किंवा बाईंना तो स्वतःच्या पैशांनी घ्यायचा नव्हता.

आग्रह आम्हाला नवा नाही.
पाहुण्याचा पेला रिकामा दिसला
तर आमच्याकडे यजमानाची मान खाली जाते.
पण आमचा सगळा आग्रह एका शब्दात मावतो,
अउत्सिलेब्लाद,
आणि तो म्हणताना समोरच्याचा दंड धरायचा असतो.
इंग्रजीत दंड कुठे धरायचा
ते बाईंनी सांगितलं नाही.

गृहपाठ होता: पाहण्यासारखं काहीतरी सुचवा.

शुक्रवारी मझियाने मालिका सुचवली, तुर्की,
दोनशे बारा भाग झालेत
आणि नायिकेला अजून कळलेलं नाही
की तो तिचा भाऊ नाही.
मी बेकरीतली. रात्री दोनला पीठ मळायला उठते, काही पाहत नाही.
बहिणीने पाहिलेला सिनेमा
मी पाहिल्यासारखा सांगितला.
आय वॉज ऑन द एज ऑफ माय सीट, म्हटलं.
खोटं बोलायला परकी भाषा किती सोयीची असते.

मग ओतारी उठला,
बंद ट्रक-कारखान्यावरचा रात्रपाळीचा पहारेकरी.
वर्गातही कोट काढत नाही.
म्हणाला, कॅमेरा नंबर चार.
ब्लॅक अँड व्हाइट. नो साउंड.
एव्हरी नाइट, थ्री टेन, अ फॉक्स.

बाई म्हणाल्या, ओतारी, सिनेमा. किंवा मालिका.
तो म्हणाला, मस्ट-सी.

मागे कुणीतरी हसलं.
तो फळ्याकडे बघत एकेक वाक्य घेत गेला,
अंधारात जिना उतरताना
पाऊल पुढची पायरी चाचपतं तसा.
एज ऑफ माय सीट त्याचं खरं होतं:
चौकीतल्या खुर्चीचा मागचा पाय मोडका,
रेलून बसलं की माणूस आडवा.
सव्वीस वर्षं डोळ्यांत तेल घालून बसलाय
आणि आत चोरण्यासारखं
काहीसुद्धा उरलेलं नाही.
कोल्ही येते, लोडिंगच्या धक्क्यावर चढते,
कॅमेऱ्याकडे बघते. जाते.
दोन वर्षांपूर्वी तिच्या तोंडात पिल्लू होतं.
हे सांगायला फळ्यावर वाक्य नव्हतं,
म्हणून त्याने स्वतःच्या कॉलरला चिमटीत धरून दाखवलं.

शेवटी सगळ्यात खालचं, पुसट:
आय कान्ट रेकमेंड इट,
आणि पुढचा शब्द खडूअभावी उमटलाच नव्हता.
तो तिथे अडला.
बाईंनी हळूच सुचवलं, इनफ.
त्याला वाटलं, पुरे म्हणतायत.
खाली बसला.

त्या रात्री पहिली भट्टी उतरली तशी
मी चार पाव कापडात गुंडाळले आणि निघाले.
चौकीत मझिया आधीच होती, घरातल्या सपाता घालून,
मला बघून म्हणाली, झोप येत नव्हती.
ओतारीने आम्हाला चांगल्या खुर्च्या दिल्या.
पडदा जुना, टिफिनच्या झाकणाएवढा.
तीन दहा.
तीन बारा.
तीन पंधराला तो म्हणाला, सॉरी,
आणि त्याचा उच्चार पहिल्यांदाच अचूक होता.

तीन एकोणीसला कुंपणाशी काहीतरी हललं.
दोन पायांचं.
पर्स छातीशी धरलेली, डोक्याला रुमाल,
फाटक सोडून भलत्याच बाजूला निघालेल्या
एतेरीबाई.
धक्क्यापाशी थांबल्या,
वर बघितलं, थेट आमच्याकडे.

ओतारी दार उघडायला उठला.
मझियाने त्याचा दंड धरला.
थांब, म्हणाली,
बघ.