दार लाव, काझुंगू

दार लाव, काझुंगू. दोन्ही दांडे नीट पाड.
आणि शंभर मोज, घाई नको,
काल ऐंशीलाच उघडलंस.

आत चाळीस फुटांचा काळोख, आणि मी.
काम इतकंच: उजेड कुठून येतो ते पाहायचं.
पत्र्याला सुईएवढं भोक असलं
तरी मोंबासाचं ऊन ते हुडकून काढतं.
खडूनं गोल करायचा, बाहेर येऊन वहीत लिहायचं.
पहिल्या आठवड्यात मला ते तारे वाटले.
मुकादम म्हणाला, बाई, तारे नव्हेत,
त्यातून पाऊस शिरतो आणि चहा कुजतो.
तेव्हापासून मी भोकाला भोकच म्हणते.

डोळे सरावेपर्यंत नाक चालतं.
सुक्या माशांचा उग्र दर्प, म्हणजे किसुमू, तळ्याकाठ.
ओलं गोणपाट, कॉफीचं टरफल:
हा किगालीचे चढ चढून आलाय.
सिमेंट. जुबात कुठेतरी भिंत उठतेय.
आणि जुन्या कपड्यांच्या गाठींचा तो औषधी, परका वास,
तो कुठलाही असू शकतो,
कुणीतरी त्यातला कोट घालून
रविवारी चर्चला गेलं असेल, बाही थोडी लांब.

मी स्वतः मारियाकानीच्या पुढे गेलेले नाही.
एकदा निघाले होते वोईला, मावशीच्या मयताला,
बस बिघडली, अर्ध्या वाटेवरून परत.
पण डब्याच्या तळफळीत रुतलेली माती मीच झाडते:
लाल, मग आणखी लाल,
मग गोमाची काळी, ज्वालामुखीची, बोटांना खरखरीत.
यार्डाच्या कोपऱ्यात ढीग झालाय तिचा.
काझुंगूनं त्यात टोमॅटो लावला.
आलेला टोमॅटो कोणत्या देशाचा, कुणी विचारलं नाही.
मीठ लावून खाल्ला.

बाबा किलिंदिनीच्या धक्क्यावर हमाली होते.
त्यांच्या वेळी जहाज रिकामं व्हायला आठवडा लागायचा,
खलाशी घरी जेवायला यायचे,
एक जण तर आईकडून नारळाचा भात शिकून गेला.
आता क्रेन एका रात्रीत गावंच्या गावं उतरवून ठेवते.
बाबा संध्याकाळी विचारायचे, काय आलं आज?
डबे.
डब्यांत काय?
सील असतं, बाबा.
ते गप्प व्हायचे.
गोणी उचलणाऱ्याला निदान ठाऊक असायचं
पाठ साखरेनं मोडतेय की खतानं.

माझ्या वहीत एक रकाना आहे: रिकामा.
आतल्या मुलखात दहा डबे भरून गेले
की सहा-सात त्या रकान्यात परत येतात
आणि हवा भरून समुद्रापार निघतात.
हवेलाही भाडं पडतं.
मागे अख्खा खंड खातो, बांधतो, नेसतो,
आणि परतीचं जहाज पाण्यावर इतकं उचललेलं
की त्याचं लाल पोट दिसतं.
मला ते बघवत नाही, का ते सांगता येत नाही.

भोक सापडलेला डबा मात्र जहाज चढत नाही.
तो विकतात.
लिकोनीत अशाच एकात न्हाव्याचं दुकान आहे,
खिडकी कापून काढलेली, आत पंखा, आरसा.
बाबांची शेवटची दाढी तिथली.
साबण लावलेल्या तोंडानं त्यांनी चारी भिंती पाहिल्या,
वर छत पाहिलं, बोटानं पत्रा वाजवला,
म्हणाले, तर हे असतं होय आत.

अठ्ठ्याण्णव, बाहेरून आवाज येतो. नव्व्याण्णव.
थांब, काझुंगू.
गुडघ्याच्या उंचीवर काहीतरी चमकलंय.
खडू कुठे ठेवला मी?