फळ्यावरचा सहा

फतेहगंजच्या आमच्या चर्चमध्ये, उजव्या भिंतीवर,
गीतांच्या क्रमांकांचा सागवानी फळा आहे.
आकडे लाकडातून कापलेले, सुटे,
बुटांच्या खोक्यात ठेवतात.
चौदा वर्षांची असल्यापासून
दर रविवारी साडेआठला ते मी लावते.
आता तेवीस संपतील.

खोक्यात सहा नाही.
विश्वामित्रीचं पाणी वेदीच्या पायरीपर्यंत चढलं त्या वर्षी
होते तेवढे सहा वाहून गेले.
पाणी ओसरल्यावर घंटेखाली मगरीचं हातभर पिल्लू मिळालं.
ते वनखात्यानं पोत्यात घालून नेलं.
सहांचा पंचनामा कोणी केला नाही.

तेव्हापासून सहा लागला की
मी एक तीन पाठमोरा लावते.
हुबेहूब सहाच दिसतो,
फक्त पॉलिश नसलेली बाजू पुढे येते.
मंडळी समजून घेते.

परदेशाच्या परीक्षेत मला साडेसहा हवे होते.
सहा आले.
इतकी वर्षं शोधत होते, तो असा सापडला.

जेरूशाला सात मिळाले. ती आता ब्रॅम्प्टनच्या गोदामात
खोक्यांना पट्ट्या चिकटवते आणि रात्री फोनवर सांगते
की इथलं चर्च उबदार आहे,
शेजारी कोणी बसत नाही.
मकरपुऱ्याच्या लॅबनं माझा करार वाढवला नाही.
पप्पा काही विचारत नाहीत.
गाडीत पेट्रोल भरून ठेवतात.

युवक संघात एकेक जण साक्ष देतो,
कुणाची नोकरी, कुणाचा व्हिसा, कुणाचं स्थळ.
प्रभूनं दार उघडलं म्हणतात.
माझी पाळी जवळ आली की मी चहाचे कप मोजायला उठते.
प्रार्थनेला बसले तर अर्जच होतो :
नाव, वय, सोबत जोडलेली कागदपत्रं,
आणि शेवटी, सवयीनं,
आपली विश्वासू.

संध्याकाळी कालाघोड्याच्या पुलावर थांबते.
कठड्याला रेलून लोक बोट दाखवतात,
जो, जो, पेलो रह्यो!
मला मगर कधी दिसलेली नाही.
मला हिरवट पाणी दिसतं, प्लास्टिक,
आणि काठाला लागलेला एक ओंडका.
सगळ्यांना दिसतं ते मला दिसत नाही,
हे काही नदीपुरतं नाही.

गेल्या रविवारी पाळकसाहेबांनी चिठ्ठी दिली : छत्तीस.
हसू आलं. तुझ्यामाझ्यात, प्रभू,
वर्षभर तोच तर आकडा आहे.
एक तीन सरळ, एक पाठमोरा,
घाईत लावले आणि बाकावर जाऊन बसले.
क्रम उलटा झाला होता.
दोघे एकमेकांकडे तोंड करून उभे :
त्रेसष्ट.

त्रेसष्ट हे दफनाचं गीत.
आणि त्या दिवशी भांबळांच्या बाळाचा बाप्तिस्मा.

एलियाकाकांनी चष्मा फळ्यावर रोखला, पेटीचा भाता ओढला.
पाळकसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं.
मी जमिनीकडे.
पण मंडळी उभी राहिली होती, आणि उभी राहिली की गातेच.
बाळाची आत्या, जिनं गेल्या नाताळात नवरा पुरला,
त्याला खांद्यावर घेऊन सगळ्यात मोठ्यानं गात होती.
पैलतीराचं ते कडवं
बाळाला अंगड्यासारखं बसलं, जरा ढगळ,
वाढत्या अंगाचं.
त्यानं जांभई दिली.

नंतर पाळकसाहेब एवढंच म्हणाले, तिरझा, आकडे बघून लाव.
काका म्हणाले, सुतार ओळखीचा आहे,
सहा करून घेऊ, माप आण.
मी हो म्हटलं.
पाठमोरा तीन हातात घेतला. त्याची कोरी बाजू
माझ्याच बोटांनी काळवंडून गुळगुळीत झाली होती.
माप काही घेतलं नाही.

उद्या नंदेसरीला मुलाखत आहे, साडेदहाला.
जागा दोन, बोलावलेत चाळीस.
येताना पुलावर थांबले.
गर्दी नव्हती, कोणी बोट दाखवत नव्हतं.
ओंडका आज पलीकडच्या काठाला होता.