टोकन सत्तेचाळीस

वेर्ण्याच्या सड्यावर, वॉटर पार्कच्या फाटकाशी
माझी पिशवी उघडली गेली
जशी मी काउंटरवर लोकांची बंडलं उघडते,
तोंडाकडे न बघता.
टॉवेल, टोपी, साखर मोजायचं यंत्र,
आणि स्टीलचा डबा:
मोडाची मटकी, काकडीच्या चकत्या,
दोन अंडी, पहाटे पाचला
लॉजच्या चहाच्या किटलीत चोरून उकडलेली.

"भायलें खाण भितर व्हरूंक मेळना, बाय,"
गणवेशातली एस्पेरान्सा म्हणाली
आणि डब्याच्या कडीला टोकन बांधलं. सत्तेचाळीस.
नेमकं माझं वय.
मी काही बोलले नाही.

आत सगळं निळं होतं, नाहीतर तळलेलं.
गिरीधर म्हणाला, सुट्टीत कसलं पथ्य,
एका दिवसानं काय होतंय?

एक दिवस.
गौरी जेवतात तो एक दिवस,
नणंदेच्या घरभरणीचा एक दिवस,
मार्च एंडिंगला रात्री दहापर्यंत थांबलो
म्हणून साहेबांनी मागवलेल्या कचोऱ्यांचा एक दिवस.
मी हिशेबातली बाई.
या सगळ्या एकेका दिवसांची बेरीज
लॅबच्या कागदावर छापून आली:
सात पूर्णांक नऊ.
आणि आप्पांचा डावा अंगठा काढला
त्याच्या आदल्या दिवशीही ते म्हणालेच होते,
पेढा तो केवढासा.

मग मी दर दोन तासांनी बाहेर यायचे,
मनगटावर जांभळ्या माशाचा शिक्का मारून घेऊन,
भाड्याच्या नायलॉनमधून पाणी निथळत,
आणि काजूच्या झाडाखाली उभ्याउभ्या
चार चमचे मटकी चावायचे.
मिरजेचं कुणी बघितलं असतं
तर पुढच्या भिशीला विषय झाला असता.

तिसऱ्या खेपेला एस्पेरान्सा जेवत होती.
उकड्या तांदळाची पेज, भाजलेला सुका बांगडा,
मिठात मुरलेली सुरकुतलेली तोर.
मी बोट टोचलं. तिनं हनुवटीनं विचारलं,
"साकर?"
मग स्वतःच, "म्हाकाय आसा."
दोतोर सांगतो, पेज बंद.
"पेज सोडली जाल्यार हांव कोण?"

याला माझ्या तक्त्यात रकाना नव्हता.

तिनं पोई मोडली,
कोंड्याची, सकाळी पोदेरानं सायकलवरून दिलेली,
पोटात नुसती हवा.
मी त्या हवेत अंडं कुस्करलं.
दुसरं अंडं तिच्या पेजेत गेलं.
बाहेरचं खाणं बाहेर; नियम काही मोडला नाही.

तेवढ्यात अन्वय शोधत आला,
बोटं मनुक्यांसारखी, दात वाजत,
हातात बटाट्याच्या काड्यांचा कागदी द्रोण.
"आई, तू इथे का लपलीस?"
लपले नव्हते रे.
पण तसं दिसत होतं खरं,
आणि त्याला काय सांगावं ते सुचेना,
म्हणून त्याच्या द्रोणातल्या तीन काड्या उचलल्या.
मोजून तीन. गरम होत्या. खारट.
चांगल्या होत्या, खोटं कशाला बोलू?

संध्याकाळी मी सर्वांत उंच घसरगुंडीवर चढले.
वरच्या पोऱ्यानं वजन विचारलं,
मी खरं सांगितलं, दशांशासकट.
तो बघतच राहिला.
वरून कारखान्यांच्या पत्र्यांपलीकडे
झुआरीची एक चकाकती चिरी दिसली,
आणि मग पाठीखालून आकडे सुटले,
सगळे, एकदम,
आणि मी ओरडले, गिरीधर म्हणतो,
लग्नापासून पहिल्यांदाच एवढ्या मोठ्यानं.

निघताना टोकन दिलं, डबा परत घेतला.
बसमध्ये हलवून बघितला: रिकामा नाही.
आत एक तोर, केळीच्या पानात,
मीठ अजून ओलं.
मीठ मला चालतं की नाही,
ते मिरजेला गेल्यावर विचारेन.