बरणी क्रमांक एक्केचाळीस

पौषातली अमावास्या. पहाटे सहाला
कार्टर रोडचे खडक उघडे पडतात
आणि मी कपाळाला बॅटरी बांधून
गुडघ्यांवर येते.
आधी प्लास्टिक बाजूला करायचं,
मग एक चप्पल, मग निर्माल्याची पिशवी,
मग डबकं.

डबक्यात दोन गोगलगायी, बिनशंखाच्या.
(नावातच गाय, म्हणून 'ती' म्हणायचं;
खरं तर एकाच अंगात नर आणि मादी
भांडणतंटा न करता नांदतात.)
नखाएवढ्या. दुधी निळ्या. कडेला पिवळी किनार.
शंख कुठल्यातरी पूर्वजानेच टाकून दिलेला,
कल्ले पाठीवर उघडे, तुऱ्यासारखे,
फुप्फुसं बाहेर वाळत घालावीत तसे.

वहीतली यादी विचारते :
शिंगं आत ओढून घेते का? हो. चारवर जा.
तुरा पाठीच्या मागच्या टोकाला? हो. सातवर जा.
किनारीवर तांबडे ठिपके?

एकीला आहेत. एकीला नाहीत.
असतील, पण बॅटरीच्या उजेडात दिसत नसतील.
नसतील, पण वाढल्यावर उगवतील.
सातवर मी अकरा वर्षं उभी आहे.

पलीकडे गोमताय वैती कालवं फोडते आहे.
तिच्याकडे खेकड्यांची नऊ नावं,
ओहोटीच्या प्रत्येक तिथीला वेगळा शब्द.
आणि यांना?
"खात नाय त्याला नाव कशाला गो?"
कोयता पुन्हा खडकावर.
मी रकाना भरते. स्थानिक नाव : नाही.

कॉलेजच्या संग्रहालयात, दुसऱ्या मजल्यावर,
बरणी क्रमांक एक्केचाळीस.
फिकट शाईत डिंगणकर सरांचं अक्षर :
'वांद्रे. तांबडे ठिपके. जाती अनिश्चित.'
आत सहा पांढरे गोळे,
चघळून बाकाखाली चिकटवलेल्या च्युइंगगमसारखे.
अल्कोहोल सगळ्यात आधी रंग पितं.
ठिपक्यांची साक्ष आता फक्त चिठ्ठी देते,
सर तर गेलेच.
म्हणून आम्ही तोंडाचा मऊ भाग विरघळवतो,
भिंगाखाली दातांच्या रांगा मोजतो.
दात कमी खोटं बोलतात, असं म्हणतात.

मी आणि शालन जुळ्या.
आई माझ्या डाव्या कानामागे काजळाचं बोट लावायची.
एकदा न्हाऊ घालताना मावशीने ते पुसलं
आणि रडायलाच बसली.
आई म्हणाली, रांगू दे दोघींना.
आम्ही मोरीपासून उंबऱ्यापर्यंत पोचायच्या आत
तिने बरोबर सांगितलं.
कशावरून, ते तिला कधीच सांगता आलं नाही.

सव्वासहा. पाणी वळायच्या बेतात.
बिनठिपक्याची सरकते
आणि दर थोड्या वेळाने पुढची कड उचलते,
चिखलातून जाताना निऱ्या उचलाव्यात तशी.
ठेवते. पुन्हा उचलते.
ठिपकेवाली मात्र सपाट, खाली मान,
हिशेब न जुळलेल्या कारकुनासारखी.

हे दातांत नाही. चिठ्ठीत नाही.
बरणीत तर नाहीच नाही.
कदाचित नुसती लाट असेल.
कदाचित या एकीचीच खोड.
दोन जीव म्हणजे पुरावा नव्हे, सर म्हणायचे,
आणि पुढच्या दोघांना चिमट्याने उचलायचे.

माझ्या खिशात दोन कुप्या.
मी एकीचं झाकण उघडते, वास येतो, लावून टाकते.
सातव्या ओळीखाली पेन्सिलीने लिहिते :
चालताना कड उचलते का?
हो.
पुढे कुठे जायचं, तो आकडा
अजून सुचत नाही.

गोमतायने पाटी डोक्यावर घेतली आहे.
"ऊठ गो, भरती लागली,"
ती ओरडते, आणि मला पाठमोरी असूनही
पाय कुठे टाकू नकोस, ते बोटाने दाखवते.